इंजिनाचं ट्यूनिंग ऑगस्टमध्येच का केलं

शारजात राहणाऱ्या आणि शुक्रवारी वाळूत गाडी घालणाऱ्या माणसाकडे कधी ना कधी निस्सान पेट्रोल (Patrol, निस्सानची मोठी फोर-बाय-फोर) येतेच. माझ्याकडे आली ती वाय-61 पिढीची, वयस्कर, आणि इंजिन ऑइल खाणारी. कंप्रेशन तपासलं तर दोन सिलिंडर बाकी चौघांच्या बरेच खाली. कारण थ्रॉटल बॉडीतच, म्हणजे इंजिनात हवा जिथून शिरते त्या झडपेच्या नळीत, सापडलं. एअर फिल्टरच्या पलीकडे, जिथे हवा गाळूनच यायला हवी, तिथे बोट फिरवलं की बोटाला बारीक पिवळसर थर लागत होता. आधीच्या मालकाने ऑइल लावायचा कापडी फिल्टर बसवला होता, आणि त्याची रबरी कड एका बाजूने नीट बसतच नव्हती. ती धूळ म्हणजे सिलिका. पिस्टन रिंगा आणि सिलिंडरच्या भिंती ती रोज थोड्या थोड्या घासत राहते, आणि कुठलाही दिवा लागत नाही.

इंजिन बदलायचं ठरलं आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. आखातात तीन रस्ते लोक सांगतात. पहिला, अमेरिकन व्ही-8 घाला. जनरल मोटर्सची एलएस मालिका इथे भरपूर मिळते. ॲल्युमिनियम ब्लॉकची घेतली तर वजनही फार नाही. दुसरा, निस्सानचंच टीबी-48 ठेवा आणि त्यावर टर्बो चढवा. या इंजिनाचं इकडे जे कौतुक आहे ते उगाच नाही: 4.8 लिटर, सहा सिलिंडर एका रांगेत, ब्लॉक लोखंडी, टायमिंगला चेन. आखातातले लोक त्यातून हजार हॉर्सपॉवरच्या वर काढतात. अबू धाबीच्या वाळवंटात, लिवाजवळच्या मोरीब या वाळूच्या टेकडीवर, साधारण 300 मीटर उंच आणि 50 अंशांच्या चढावर, त्या गाड्या बंदुकीच्या गोळीसारख्या सुटतात. तिसरा रस्ता सगळ्यांत नीरस: तेच टीबी-48, टर्बोशिवाय, जुन्या बाजारातून चांगलं शोधून.

मी तिसरा घेतला. पैसे हे एक कारण होतंच. शिवाय मुलकियावर, म्हणजे गाडीच्या नोंदणी कार्डावर, इंजिन नंबर असतो, आणि इथे परवानगीशिवाय इंजिनात फेरफार केला तर 1000 दिरहॅम दंड, 12 काळे गुण आणि 30 दिवस गाडी जप्त. जातीचंच इंजिन असलं की कागद सोपे जातात. पण खरं कारण उष्णतेच्या हिशोबात होतं, आणि तो हिशोब मला कुणी चटकन सांगितला नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनाची उष्णता ढोबळमानाने तीन ठिकाणी जाते: एक वाटा चाकांकडे, एक सायलेन्सरमधून बाहेर, एक कूलंटमध्ये. म्हणजे इंजिन जितकी ताकद चाकांना देतं, साधारण तेवढीच उष्णता रेडिएटरने बाहेर फेकायची. आता रेडिएटर ती किती फेकू शकतो हे कूलंट आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. कूलंट 95 आणि हवा 25 असेल तर फरक 70 अंशांचा. हवा 45 झाली की फरक 50 उरतो. तोच रेडिएटर, तोच फॅन, आणि क्षमता जवळपास 30 टक्क्यांनी कमी. रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर बसलेला असतो, तो येणारी हवा आणखी तापवून देतो. ऑगस्टमध्ये एसी बंद ठेवा असं सांगणाऱ्याला एकदा दुपारी बदायरच्या वाळवंटात न्यावं.

वाळूत वेगही नसतो. डांबरी रस्त्यावर चाकाला जो विरोध होतो त्याच्या दहा-वीस पट मऊ वाळू करते. गाडी 30 च्या वेगाने चाललेली आणि इंजिन 3500 आरपीएमवर (मिनिटाला तेवढ्या फेऱ्या). समोरून वारा जवळजवळ नाही, सगळा भार फॅनवर. व्ही-8 घालून ताकद दीडपट केली, तर ती वापरताना उष्णताही दीडपट. बॉनेटखालची जागा मात्र तेवढीच. म्हणून मी इंजिन निवडताना एकच प्रश्न धरला: याच जागेत हे थंड ठेवता येईल का?

इंजिन शोधायला शारजाच्या औद्योगिक भागात, जुन्या सुट्या भागांच्या दुकानांत पुष्कळ फिरलो. विक्रेता पहिल्यांदा किलोमीटर सांगतो; ते ऐकून सोडून द्यायचे. माझ्या गॅरेजचा उस्ताद पेशावरचा, तो बरोबर होता. त्याची पद्धत आवडली. तो आधी ऑइल फिलरचं झाकण उघडून आतला रंग बघायचा, मग थ्रॉटल बॉडीत बोट. बोट पिवळं आलं की किमतीची बोलणीच नाहीत, पुढचं दुकान. जे घेतलं त्याचं बोट स्वच्छ आलं, सहाही सिलिंडरच्या कंप्रेशनमधला फरक दहा टक्क्यांच्या आत होता, आणि कॅमेऱ्याने आत पाहिलं तर भिंतींवरच्या मूळ तिरक्या रेघा दिसत होत्या, म्हणजे भिंती घासलेल्या नव्हत्या. जीसीसी स्पेकच्या, म्हणजे आखाती देशांसाठी बनवलेल्या, गाडीतून निघालेलं होतं, म्हणजे जन्मापासून याच हवेतलं.

इंजिन बसल्यावर मी ईसीयूची (इंजिन चालवणाऱ्या संगणकाची) गोष्ट काढली, तर उस्ताद म्हणाला, “साब, ताक़त बाद में देखेंगे. पहले इसका पंखा ठीक करो.”

या गाडीचा फॅन बेल्टवर फिरतो, मध्ये व्हिस्कस क्लच असतो. त्यात सिलिकॉनचं तेल. रेडिएटरमागची हवा तापली की पुढची द्विधातूची पट्टी झडप उघडते आणि फॅन जोर धरतो. तेल झिरपून गेलं की फॅन फिरताना दिसतो, पण ओढत काहीच नाही. तपासणी सोपी: गाडी नीट तापवायची, बंद करायची, आणि फॅन हाताने फिरवून बघायचा. विरोध जाणवला पाहिजे. माझा मोकळा गरगरला. क्लच नवा घेतला.

मग कंडेन्सर आणि रेडिएटर वेगळे केले. त्यांच्या मधल्या फटीत बोटभर जाडीचा थर निघाला: वाळू, वाळक्या गवताचे तुकडे, किडे, सगळं दाबून नमद्यासारखं झालेलं. समोरून पाहिलं तर रेडिएटर चकाचक दिसतो, म्हणून वर्षानुवर्षं कुणी उघडत नाही. धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेर मारायचं, आणि प्रेशर पंप लांब ठेवायचा, नाहीतर पात्या आडव्या पडतात. रेडिएटरच्या चौकटीभोवती कंपनीने स्पंजची पट्टी दिलेली असते, तीही गायब होती. ती नसली की मागची गरम हवा कडेने वळसा घेऊन पुन्हा पुढे येते. पट्टी अगदी किरकोळ किमतीत मिळाली, आणि माझ्या मते सगळ्या खर्चात तिच्याइतका परतावा कशानेच दिला नाही. थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्लाही आला होता. तो ऐकला नाही, नवा बसवला. कूलंटमध्ये डिस्टिल्ड पाण्याचं प्रमाण थोडं वाढवलं, कारण पाणी गोठण्याची इथे चिंता नाही आणि कूलंटमधल्या ग्लायकोलपेक्षा पाणी उष्णता जास्त वाहून नेतं. रेडिएटरचं झाकणही नवं. दाब धरला नाही तर उकळबिंदू खाली येतो.

एअर फिल्टरवरून मात्र मित्रांशी वाद झाला. सगळ्यांकडे उघडे शंकूचे फिल्टर. आवाज दणदणीत, पण ते हवा ओढतात बॉनेटखालची. बाहेर 45 असताना आत 70 सहज असते, आणि तेवढ्याने हवेची घनता सात टक्के घटते. मी कंपनीचा डबा आणि कागदी फिल्टर ठेवला, आणि कडेला बोटाने ग्रीस लावलं.

ट्यूनिंग ऑगस्टमध्ये करायचं म्हटल्यावर डायनोवाला (गाडी रोलरवर चालवून ताकद मोजणारा) हसला. गर्दी असते ती ऑक्टोबरनंतर. त्यांचा रिवाज असा की बॉनेट उघडं, समोर मोठा पंखा. मी बॉनेट बंद करायला लावलं. आणखी एक गंमत: डायनोच्या कागदावर येणारा आकडा बहुधा दुरुस्त केलेला असतो, म्हणजे 25 अंशांच्या हवेत किती आला असता तो. मी दुरुस्तीशिवायचा आकडा मागितला. तो बराच कमी होता. गाडी घाट चढते ती त्या आकड्यावर.

इंधन 95 ऑक्टेनचं भरून घेतलं होतं, आणि मुद्दाम. 95 वर ईसीयूचा नकाशा (टायमिंग आणि इंधनाचे तक्ते) बसवायचा आणि उन्हाळ्यात टाकीत 98 भरायचं, म्हणजे नॉकिंगच्या, इंधन अवेळी पेटून ठोके बसण्याच्या, विरोधात हाताशी थोडी जागा राहते. आत येणारी हवा 60 च्या वर गेली की कमी आरपीएम आणि पूर्ण थ्रॉटलला नॉक दिसायला लागला. वाळूत चढावर नेमकी तीच अवस्था असते. ट्यूनरने तिथे ठिणगीचं टायमिंग दोन-तीन अंश मागे घेतलं आणि मिश्रण थोडं श्रीमंत केलं, एका भाग इंधनाला साडेबारा भाग हवेच्या आसपास. हलक्या भाराच्या भागाला हात लावला नाही. हवेच्या तापमानानुसार टायमिंग किती कापायचं तो तक्ता मात्र पूर्ण नव्याने भरला, आणि तो भरायला हवाच तशी तापलेली लागते. जानेवारीत त्या रकान्यांत अंदाज लिहिला जातो.

आता ओबीडीवर (गाडीच्या संगणकाला जोडलेल्या रीडरवर) आकडे बघत चालवतो, कारण डॅशबोर्डचा काटा बराच वेळ मधोमध उभा राहतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. टायरमधली हवा वाळूसाठी 14 पीएसआयपर्यंत उतरवलेली, एसी चालू, मऊ वाळूत लांब चढ: कूलंट 98-99 च्या पुढे गेलेलं नाही. ऑटो गिअरबॉक्सचं ऑइल अजून 115 पर्यंत चढतं, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना ऑइलने जोडणारा भाग) घसरत राहतो त्याचा तो प्रताप. वेगळा कूलर आणून ठेवलाय, पण बंपरमागे तो बसवताना कंडेन्सरची हवा अडायला नको, आणि उस्ताद सध्या सुट्टीवर पेशावरला गेलाय.