‘सर, स्कोर वाढूनच राहिला!’ : गेम बनवत प्रोग्रामिंग शिकवताना

उन्हाळा लागला की नागपुरात मुलांचे कोडिंगचे वर्ग गल्लोगल्ली निघतात. बऱ्याच ठिकाणी सुरुवातीचे दिवस ‘व्हेरिएबल म्हणजे काय, लूप म्हणजे काय’ यातच जातात. फळ्यावर व्याख्या, वहीत व्याख्या, आणि मुलं खिडकीबाहेर बघतात. आमचं मत ठाम आहे: पहिल्या अर्ध्या तासात पडद्यावर काहीतरी खेळता आलं पाहिजे आणि त्यानंतर लगेच ते बिघडलं पाहिजे. मूल खरं शिकतं ते गेम बिघडल्यावर. म्हणून शिकवणाऱ्याने तयारी करायची ती चुकांच्या क्रमाची. कोणती चूक आधी येऊ द्यायची आणि कोणती मागून, हे ठरलेलं असलं की धडा आपोआप उभा राहतो.

साधन म्हणून स्क्रॅच, म्हणजे रंगीत ब्लॉक एकाखाली एक जोडून प्रोग्राम बनवायची भाषा. एमआयटी मीडिया लॅबने २००७ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं केलं, आजही ते फुकट आहे. चौथी ते सातवीच्या मुलांना त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही आम्हाला दिसत नाही. इंटरनेटच्या भरवशावर राहू नका, ऑफलाइन ॲप आदल्या दिवशीच सगळ्या मशीनवर टाकून ठेवा. त्याला विंडोज १० लागतं. विंडोज ७ च्या जुन्या मशीनवर स्क्रॅच २ टाकावं लागतं, आणि मग एक अडचण लक्षात ठेवायची: स्क्रॅच २ ची फाइल ३ मध्ये उघडते, ३ ची २ मध्ये उघडत नाही. एका मशीनवर दोन मुलं बसवा, दर दहा मिनिटांनी माउस बदलायचा. मे महिन्यात वर्ग सकाळी साडेसात ते नऊ, त्यानंतर ना मुलांचं डोकं चालत ना कूलर पुरत. लाइट जाते हे धरूनच चाला. गेममधली एक गोष्ट नीट चालली की फाइल सेव्ह करायची, नावापुढे १, २, ३ असा आकडा वाढवत. म्हणजे बिघडलं तर मागच्या फाइलवर परतता येतं.

पहिला गेम: वरून संत्री पडतात, खाली टोपली, टोपली डावी-उजवीकडे सरकवून झेलायची. नियम समजावून सांगावा लागत नाही, हाच त्याचा मोठा गुण.

सुरुवात टोपलीपासून. मुलं स्वतःहून ‘व्हेन राइट ॲरो की प्रेस्ड’ हा पिवळा ब्लॉक घेतात आणि त्याखाली ‘चेंज एक्स बाय १०’ (आडवी जागा १० ने बदल) लावतात. लावू द्या. बटण दाबून धरलं की टोपली एकदा हलते, क्षणभर थांबते आणि मग हलत राहते. त्या थांबण्यामुळे संत्रं हातचं जातं आणि मूल वैतागतं. आता सांगायचं की हा ब्लॉक कीबोर्डच्या आवर्तनावर चालतो: अक्षर दाबून धरलं की जसं एकदा उमटतं, थांबतं आणि मग भराभर उमटतं, तसंच. उपाय म्हणजे गेम सुरू करणाऱ्या हिरव्या झेंड्याखाली ‘फॉरेव्हर’ (आतलं काम पुन्हा पुन्हा करत राहणारा लूप), त्यात ‘इफ उजवा बाण दाबलेला आहे, तर एक्स ८ ने बदल’, डाव्या बाणाला उणे ८. स्क्रॅच सेकंदाला ३० वेळा हे तपासतं, म्हणजे टोपली सेकंदाला २४० घरं जाते आणि पूर्ण स्टेज (गेम दिसतो तो चौकोन) दोन सेकंदांत पार करते. लूप कशाला लागतो, याची व्याख्या आता सांगायची गरज उरत नाही.

एक्स आणि वायसाठी नागपूरच्या मुलांना बाहेर कुठे शोधायला जायचं नाही. झिरो माइलचा खांब, चार घोड्यांवाला, म्हणजे शून्य-शून्य. पारडीकडे गेलं की एक्स वाढतो, वाडीकडे गेलं की उणे होतो. कोराडीकडे वाय वाढतो, बुटीबोरीकडे उणे. कामठी दोन्हीत अधिक, सोनेगावचं विमानतळ दोन्हीत उणे. स्क्रॅचची स्टेज मध्यापासून उजवीकडे २४०, डावीकडे उणे २४०, वर १८० आणि खाली उणे १८०. ऋण संख्या शाळेत सहावीत येतात, पण चौथीचं पोरगंही ‘वाडी उणे’ हे दोन मिनिटांत पकडतं. त्यानंतर टोपलीला सुरुवातीची जागा द्यायची: एक्स ०, वाय उणे १४०.

आता संत्रं. ‘गो टू’ मध्ये एक्स उणे २२० ते २२० मधला कुठलाही, वाय १८०. मग ‘रिपीट अंटिल’ (अट पुरी होईपर्यंत फिरणारा लूप) मध्ये वाय ५ ने बदलायचा. इथे अर्धी मुलं साधं ५ लिहितात आणि संत्रं वरच चिकटून बसतं. उणे ५ केलं की पडतं. दुसरी चूक जास्त कामाची आहे. थांबायची अट ‘वाय उणे २०० पेक्षा कमी’ अशी लिहिली की संत्रं तळाशी जाऊन अडकतं आणि पुन्हा वर येतच नाही. स्क्रॅच कुठलंही चित्र स्टेजबाहेर पूर्ण जाऊ देत नाही, थोडा भाग आत ठेवतंच. ४० उंचीचं संत्रं उणे १८५ च्या आसपास थांबतं, त्यामुळे उणे २०० कधी येतच नाही आणि अट कधीच पुरी होत नाही. मुलाला संत्र्याचा वाय पडद्यावर दाखवायला लावा, आकडा कुठे थांबला ते तो स्वतः वाचेल. अट उणे १७० ची ठेवली की सुरळीत.

आणि मग स्कोर. या गेमचा गाभा इथे आहे, पूर्ण एक सत्र द्या.

‘स्कोर’ नावाचं व्हेरिएबल (आकडा साठवायचा डबा) ‘फॉर ऑल स्प्राइट्स’, म्हणजे गेममधल्या सगळ्या चित्रांसाठी, करून बनवायचं. मूल वेगळा ‘फॉरेव्हर’ लावतं: टोपलीला लागलं तर स्कोर १ ने बदल. झेंडा दाबतो, पहिलं संत्रं झेलतो, आणि ओरडतो, ‘सर, स्कोर वाढूनच राहिला!’ एका संत्र्याला चौदा गुण. आपण माउसला हात लावायचा नाही. विचारायचं: चौदाच का? टोपली आणि संत्रं दोन्ही ४० उंचीची असतील तर वाय उणे १०० ला ती एकमेकांना लागतात आणि उणे १७० पर्यंत लागलेलीच असतात. सत्तर घरं, दर फेरीला पाच, म्हणजे चौदा फेऱ्या. चित्राच्या आकारानुसार आकडा एखाद-दोनने हलेल, पण मुलाने भागाकार करून तो स्वतः काढला की संगणक ‘एकदा लागलं’ असं समजत नाही, दर फेरीला नव्याने तपासतो, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसतं.

बहुतेक मुलं यावर ‘वेट १ सेकंद’ टाकतात. स्कोर बरोबर येतो, मूल खूश. लगेच चूक म्हणू नका. वेग उणे ५ वरून उणे १ करायला सांगा. आता तेच संत्रं टोपलीतून जायला सव्वादोन सेकंदांहून जास्त घेतं आणि तीनदा मोजलं जातं. ठिगळ कुठे फाटलं ते दिसलं. खरा उपाय: स्कोर १ ने बदलला की त्याच क्षणी संत्रं पुन्हा वर पाठवायचं, म्हणजे लागलेलंच राहत नाही. याच सत्रात ‘सेट’ आणि ‘चेंज’ चा घोळही निघतो. ‘सेट स्कोर टू १’ लिहिलं तर स्कोर एकावरच बसून राहतो. आणि झेंड्याखाली ‘सेट स्कोर टू ०’ नसेल तर मागच्या खेळाचे गुण पुढच्या खेळात येतात.

चित्रांबद्दल थोडक्यात. इंटरनेटवरचा संत्र्याचा फोटो जेपीजी असेल तर त्याभोवतीचा पांढरा चौकोनही टोपलीला ‘लागतो’. संत्रं स्क्रॅचमध्येच काढायला लावा. मुलं कोपऱ्यात काढतात आणि मग जागेचे आकडे जुळत नाहीत, म्हणून सगळं निवडून मधल्या खुणेवर ओढायचं.

खूप संत्री हवी असतील तर क्लोन, म्हणजे चालत्या गेममध्ये बनणारी चित्राची प्रत. मूळ संत्रं लपवायचं, दर सेकंदाला एक क्लोन, आणि पडण्याचं-झेलण्याचं काम ‘व्हेन आय स्टार्ट ॲज अ क्लोन’ खाली न्यायचं, तिथे ‘शो’ विसरायचं नाही. चुकलेलं संत्रं तळाशी गेल्यावर ‘डिलीट धिस क्लोन’ राहून गेलं तर ढीग साचत जातो. स्क्रॅचची मर्यादा ३०० क्लोनची, त्यामुळे गेम काही मिनिटं छान चालतो आणि मग नवीन संत्रं येणं बंद होतं. उशिरा दिसणारी चूक शोधणं ही वेगळी कला आहे, ती इथे सापडते.

दुसरा गेम मुलांना निवडू द्या. तान्हा पोळ्याचा लाकडी बैल घेऊन रस्त्यावरचे खड्डे चुकवायचे, ही कल्पना आम्हाला फार आवडते, कारण त्यात उडी आहे. उडीला ‘वेग’ नावाचं व्हेरिएबल लागतं. स्पेस दाबली की वेग १२. दर फेरीला वाय वेगाने बदलायचा आणि वेग १ ने कमी करायचा. बैल ७८ घरं वर जातो आणि २५ फेऱ्यांत, म्हणजे एका सेकंदाच्या आतच, खाली येतो. जमीन वाय उणे १००: त्याखाली गेला की वाय पुन्हा उणे १०० आणि वेग ०.

आता हवेत पुन्हा स्पेस दाबली की बैल उडतच जातो. हुशार मूल अट घालतं: वेग शून्य असेल तरच उडी. पटण्यासारखी अट आहे, तरीही स्पेस दाबून धरली की बैल हवेतूनच दुसरी उडी घेतो. कारण उडीच्या अगदी टोकाला वेग एका फेरीपुरता शून्य असतो. हे मुलांना सांगून टाकू नका. लूपमध्ये अर्ध्या सेकंदाचा ‘वेट’ घालून खेळ संथ करायला लावा आणि वेगाचा आकडा वाचू द्या. शेवटी अट वेगावरून जागेवर येते: वाय उणे ९९ पेक्षा कमी असेल तरच उडी. सातवीच्या मुलाला भौतिकशास्त्राचं हे पहिलं दर्शन बैलाने घडवलं, याचा आम्हाला मनापासून आनंद होतो.

आठवीपासून पुढे पायथन, म्हणजे टाइप करून लिहायची भाषा, आणि त्यात गेम बनवायचं साधन पायगेम झीरो. संत्र्याचाच गेम परत लिहायला द्या, नवा नको. तिथे शून्य-शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात असतं आणि वाय खाली वाढतो, त्यामुळे उणे ५ चं अधिक ५ होतं. मुलं पहिल्यांदा गोंधळतात ती इथे आणि ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेत. चार स्पेस म्हणजे चारच, टॅब मिसळायचा नाही.

शेवटच्या दिवशी पालकांना बोलवण्याआधी मुलांना एकमेकांच्या मशीनवर बसवा. ज्याने गेम बनवला त्याने मागे उभं राहायचं, एक शब्द बोलायचा नाही, आणि खेळणारा कुठे अडला ते कागदावर लिहायचं. मग त्या कागदातल्या दोनच गोष्टी दुरुस्त करायला अर्धा तास द्या.