आजीची वीत

आजीच्या कुठल्याच मापाला पट्टी लागली नाही. मिरचीची रोपं वितीवर, आमटीत मीठ चिमटीनं, आणि गोधडी पाच हात लांब, चार हात रुंद. वयाचंही तेच. "कोयनेच्या धरणाचं काम चालू होतं तवा माझं लगीन झालं," एवढा तिचा दाखला. आधार कार्डावर मात्र जन्मतारीख १ जानेवारी. आमच्या आळीतल्या निम्म्या म्हाताऱ्या त्याच दिवशी जन्मल्यात. त्या दिवशी पाटण तालुक्यात सुइणींची काय धावपळ झाली असेल!

होळी झाली की शेतातली कामं सुटायची आणि अंगणात गोधडी पसरली जायची. खाली धडकं लुगडं, वर धडकं लुगडं, मधे आजोबांची विरलेली धोतरं, कुणाचे सदरे, कुणाचं झबलं. वाऱ्यानं उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार दगड. कडेनं धावदोरा सुरू व्हायचा आणि फेऱ्या घेत घेत आत सरकायचा. शेजारच्या दोघी-तिघी बाजू वाटून घेऊन बसायच्या. सासवांची गाऱ्हाणी, मेथीचा भाव, कुणाची म्हैस आटली, सगळं त्याच फेऱ्यांत शिवलं जायचं. दोरा कुणी जास्त ओढला की आजी टाका उसवायला लावायची. "आवळू नगंस. कापड चुरगळतंय, मग ऊब धरत न्हाई." सुईत दोरा ओवायचं काम आम्हा पोरांचं. एका दोऱ्याला एक करवंद, असा आमचा भाव होता.

करवंदं तीच आणायची. घरात टिकायचीच नाही ती. पहाटे भाकरी फडक्यात बांधून डोंगराला जायची आणि ऊन डोक्यावर यायच्या आत ओटी भरून परत. पावसाळ्यात कुर्डू, टाकळा, भारंगी. भारंगीचं उकळलेलं कडू पाणी ती परसात ओतायची आणि आमची तोंडं बघून हसायची. ती भाजी मला तेव्हा आवडली नाही, आजही आवडत नाही. आजीच्या आठवणीनं सगळंच गोड लागतं असं नाही.

बाहेर झोपायची सवय तिला भूकंपानं लावली. ११ डिसेंबर १९६७, पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटं. वडील तेव्हा तीन महिन्यांचे. त्यांना गोधडीसकट उचलून ती बाहेर पळाली आणि मागं माजघराची भिंत बसली. धक्के थांबेनात, म्हणून अख्खं घर कितीतरी दिवस खळ्यात. खाली भाताचा पेंढा, वर गोधड्या, आणि कडाक्याची थंडी. भिंती पुन्हा उभ्या राहिल्या, पत्राही चढला, पण पाऊसकाळ सोडला तर आजी अंगणातच आडवी व्हायची. वडील रागवायचे, "आये, म्हातारपणी थंडी बाधंल." ती म्हणायची, "आभाळ काय पडत न्हाई बाबा."

ती गेली परवाच्या श्रावणात. तिची एक गोधडी मी पुण्याला आणली. बायको म्हणाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवू, आठवण म्हणून. आजीनं ऐकलं असतं तर म्हणाली असती, गोधडी काय लोणचं हाय व्हय? मी अंगावर घ्यायला काढली. पहिल्याच रात्री तोंडावर ओढली तर पाय उघडे, पाय झाकले तर नाकाला गारवा.

सकाळी टेप लावला. हात म्हणजे दीड फूट, हे शाळेत शिकलेलं. पाच हात, म्हणजे साडेसात फूट भरायला हवी होती. भरली साडेसहा. दोनदा मोजली. मग कागदावर भागाकार मांडला: आजीचा हात, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, साडेपंधरा इंचांच्या जरा पुढे. माझा मोजला तर एकोणीस.

एवढी लहान होती ती. मला ती कायम उंच वाटत आली. डोक्यावर लाकडाची मोळी असायची, त्याचाही परिणाम असेल.

एका कोपऱ्याचा दोरा सुटलाय. रीळ आणलंय, मोठी सुईही मिळाली. चष्मा लावूनसुद्धा दोरा ओवला जात नाही, म्हणून धाकटीला हाक मारली. तिनं आधी विचारलं, काय देणार?