दुसरा ठिपका

गाठ आंघोळ करताना माझ्याच हाताला लागली. डावीकडे, काखेच्या बाजूला, गोटीएवढी, आणि जराही न दुखणारी. माझं वय तेव्हा 46.

मॅमोग्राममध्ये ती दिसलीच नाही. बोटाला लागते आणि यंत्राला दिसत नाही, हे मला पटेना. रेडिओलॉजिस्ट मॅडमनी समजावून सांगितलं. मॅमोग्राममध्ये चरबी काळपट दिसते, दुधाच्या ग्रंथींचा भाग पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच. स्तन किती दाट आहेत ते ए ते डी अशा चार पायऱ्यांत मोजतात. माझ्या रिपोर्टात डी होतं. पांढऱ्यात पांढरं शोधायचं, मग सापडणार कसं? त्याच दिवशी सोनोग्राफीत मात्र गाठ स्पष्ट दिसली, 14 मिलिमीटरची. सुईने तुकडा काढला, म्हणजे बायोप्सी केली. आठवड्याने कळलं, कर्करोग.

त्या आठवड्याबद्दल मी लिहीत नाही. लिहायचं आहे ते त्यानंतरच्या तीन आठवड्यांबद्दल, कारण त्या काळात मी एका ठिपक्यापायी अख्खा स्तन गमावण्याच्या बेतात होते.

सर्जन म्हणाल्या, तेवढी गाठ काढून स्तन वाचवता येईल, पण स्तन इतके दाट आहेत की आत आणखी काही लपलंय का ते बघायला एमआरआय करून घेऊ. पाळीची तारीख विचारली. पाळी सुरू झाल्यापासून साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात हा एमआरआय सर्वांत स्वच्छ येतो; इतर दिवसांत हार्मोन्समुळे निरोगी भागही कॉन्ट्रास्ट, म्हणजे फोटो उठून दिसावा म्हणून शिरेतून देतात ते औषध, शोषून उजळतो. निदान आधीच झालेलं असेल तर तारखेसाठी फार ताटकळत ठेवत नाहीत. माझी तारीख दोन दिवसांवर होती, म्हणून थांबलो. किडनीसाठी क्रिएटिनिन तपासलं. अंगात पेसमेकर किंवा कुठलाही धातू नाही ना, हे तीन वेगवेगळ्या माणसांनी विचारलं. कंटाळू नका, तिघांनाही नीट उत्तर द्या.

या एमआरआयला पालथं झोपतात हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. टेबलाला दोन खोलगट जागा असतात, त्यांत स्तन मोकळे सोडायचे. कपाळाला उशी, हात डोक्याच्या वर, दंडात सुई. बरगडीचं हाड टेबलाच्या कडेवर रुततं. सुरुवातीलाच सांगा, घडी करून कापड घालतात. मी संकोचाने गप्प राहिले आणि पुढची पस्तीस मिनिटं त्या एका जागेच्या दुखण्यात काढली. हलायचं तर नाहीच. हातात एक रबरी फुगा देतात. घाबरायला झालं तर दाबायचा. आवाज प्रचंड, कानांवर हेडफोन असूनसुद्धा. यंत्रातल्या कॉइलमधला प्रवाह झपाट्याने बदलत असतो, त्याने त्या थरथरतात, तोच हा ठोकल्यासारखा आवाज. हे आधी माहीत असतं तर काहीतरी बिघडलंय असं मला वाटलं नसतं.

अर्ध्यावर दंडातून गार काहीतरी चढत गेलं. ते गॅडोलिनियम, म्हणजेच कॉन्ट्रास्ट. खरी तपासणी इथून सुरू होते. कॉन्ट्रास्टच्या आधीचे फोटो आणि नंतर ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा काढलेले फोटो, एकातून दुसरा वजा करतात. कर्करोगाची गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या तयार करून घेते, पण त्या कच्च्या आणि गळक्या असतात. कॉन्ट्रास्ट तिथे भरभर शिरतं आणि बऱ्याचदा भरभर बाहेरही पडतं. मॅडमनी मला तो आलेख दाखवला. माझ्या गाठीची रेघ पहिल्या दोन मिनिटांत उभी चढली होती आणि मग उतरत गेली होती.

रिपोर्ट मी घरी एकटीनेच उघडला. ती चूक होती. पहिल्याच ओळीत ‘बाय-रॅड्स 6’. बाय-रॅड्स म्हणजे स्तनाच्या फोटोंचा निष्कर्ष मांडायची शून्य ते सहा अशी मोजणी; तिचा शेवटचा आकडा बघून मी बहिणीला फोन केला आणि सगळं संपलं म्हणून सांगितलं. ती म्हणाली, “ताई, थांब, मी येते. तोवर पुढचं वाचू नकोस.” सहाचा अर्थ दुसऱ्या दिवशी कळला: या गाठीत कर्करोग आहे हे बायोप्सीने आधीच सिद्ध झालेलं आहे. बस, एवढंच. आजार किती पसरला याच्याशी त्या आकड्याचा संबंध नाही.

घाबरण्याजोगं होतं ते खाली. त्याच स्तनात, गाठीपासून लांब, 6 मिलिमीटरचा दुसरा ठिपका, बाय-रॅड्स 4. दोन लांबच्या जागी कर्करोग असेल तर पूर्ण स्तन काढावा लागण्याची शक्यता वाढते. मी म्हटलं, “काढून टाका एकदाचा.” मी खरंच तयार होते. सर्जन म्हणाल्या, “ठिपका म्हणजे निदान नाही. आधी तुकडा तपासू.” एमआरआय फार बारकं पकडतो, पण पकडलेलं सगळं कर्करोग नसतं. चार म्हणजे शंका, आणि त्या शंकेचा पट्टा दोन टक्क्यांपासून पंचाण्णवपर्यंत पसरलेला.

ती जागा हेरून पुन्हा सोनोग्राफी केली, काही दिसेना. मग एमआरआयमध्येच बायोप्सी. पुन्हा पालथं, पुन्हा कॉन्ट्रास्ट. स्तन जाळीदार पट्टीत हलकेच दाबून धरतात, फोटोवरून सुईची जागा आणि खोली मोजतात, जागा बधिर करतात. या वेळी मी बरगडीखाली कापड मागून घेतलं. शेवटी तिथे खूण म्हणून तिळाएवढी धातूची क्लिप सोडली.

याच दिवसांत जो तो विचारत होता, पेट स्कॅन का नाही करत, एकदा सगळं शरीर बघून घ्या. मीही हट्ट धरला. सर्जननी नकार दिला: गाठ लहान, काखेत काही नाही, लक्षणं नाहीत, अशा वेळी पेटमध्ये भलतंच काही चमकण्याची आणि त्यामागे आणखी सुया टोचून घेण्याची शक्यता जास्त. एका ठिपक्याने माझी काय अवस्था केली होती ते आठवलं आणि मी हट्ट सोडला.

पाचव्या दिवशी रिपोर्ट आला: स्क्लेरोसिंग अडिनोसिस. ग्रंथींची निरुपद्रवी वाढ. एवढ्यावरही मॅडमनी फाइल मिटली नाही. तुकड्याचा निकाल आणि फोटोतलं चित्र एकमेकांशी जुळतंय का, हे त्यांनी पुन्हा ताडून पाहिलं. जुळलं नसतं तर त्यांनी परत तुकडा मागितला असता. त्यानंतर गाठ काढली, पुढे रेडिएशन झालं. स्तन राहिला.

वर्षाने मॅमोग्रामला गेले. टेक्निशियन ताईंनी पडद्यावर बोट ठेवून विचारलं, “इथे बायोप्सी झाली होती का?” दाट पांढऱ्या भागात क्लिप लख्ख चमकत होती. या वेळी त्या पांढऱ्यात काय आहे ते मला ठाऊक होतं.