लो-बॉनेट अपडेट: आंबोलीचं भूत सापडलं एकदाचं

मंडळी, मागच्या अपडेटमध्ये "आता फक्त ब्रेक आणि रंग राहिला" असं मीच मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं ना, ते विसरा. त्यानंतर बाईसाहेब, म्हणजे माझी जुनी लो-बॉनेट (बुटक्या बोनेटची) विलीस जीप, आंबोली घाटात तीनदा बसल्या. वेंगुर्ल्याहून सावंतवाडी काहीही कुरकूर न करता, दाणोलीपर्यंत मस्त, आणि घाट लागला, दुसऱ्या गियरवर घेतली, पाय जरा दाबून धरला की पाच-सात मिनिटांत आधी एक झटका, मग दोन खोकले, मग शांतता. अर्धा तास थांबायचं, थर्मासमधला चहा संपवायचा, सेल्फ मारायचा, चालू. परत पाच-सात मिनिटं. परत शांतता. तिसऱ्या वेळी तर मागून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरने काच खाली करून "म्युझियमात द्या ती" म्हटलं आणि मी काही बोललो नाही, कारण त्या क्षणी मलाही तेच वाटत होतं.

तुम्ही सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं, व्हेपर लॉक, म्हणजे उष्णतेने लाइनमध्येच पेट्रोलची वाफ होते आणि पुरवठा अडतो. मीही तेच धरून बसलो. आणि का नाही धरणार, लक्षणं पुस्तकातल्यासारखी होती. जीपच्या मूळ गो-डेव्हिल इंजिनचा मेकॅनिकल पेट्रोल पंप एक्झॉस्टच्याच बाजूला, मे महिना, चढ, त्यात हल्लीचं २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल. इथेनॉल ७८ डिग्रीला उकळतं आणि आपली १९४० च्या दशकातली साइड-व्हॉल्व्ह डिझाइन काही हे पेट्रोल डोळ्यासमोर ठेवून केलेली नाही. त्यामुळे गेले दोन महिने मी उष्णतेशी लढतोय.

काय काय केलं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे कोणी परत सुचवायला नको. पंपावर ओलं फडकं. पंप आणि मॅनिफोल्डच्या मध्ये अॅल्युमिनियमचा पत्रा. पेट्रोलची लाइन एक्झॉस्टपासून चार बोटं लांब. लाइनवर कपड्यांचे लाकडी चिमटे (हसू नका, हा उपाय सुचवणारे तुमच्यातलेच तिघे आहेत). कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला, जरी बंद पडल्या पडल्या प्लग काढून बघितला तेव्हा ठिणगी निळीशार होती, म्हणजे तो खर्च शुद्ध वेडेपणा. टाकीचं झाकण सैल ठेवून बघितलं, हवेचा व्हेंट चोंदला असेल म्हणून. फरक शून्य.

मग पंपाचं किट. यावर दोन शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही. दिल्लीहून जे किट मागवलं त्यातला डायफ्राम (पंपातला लवचीक पडदा) आठवड्यात फुगून पापडासारखा वेडावाकडा झाला, फोन केला तर म्हणे "सर, ओरिजिनल है". ओरिजिनल असेलही, पण कशाचं? शेवटी कुडाळच्या एका माणसाकडून, जो खरं तर होड्यांच्या इंजिनांचं काम करतो, डायफ्राम कापून घेतला. इथेनॉल सोसणाऱ्या शीटमधून, दोन थर. आजपर्यंत टकाटक. समुद्रावर इंजिन बंद पडलं तर धक्का मारायला कोणी नसतं, त्यामुळे ही माणसं काम नीट करतात असं माझं मत झालंय.

पंप नवा, गेजवर प्रेशर छान, आणि चौथ्या फेरीला घाटात तिथेच, जवळजवळ त्याच वळणावर. तेव्हा मात्र पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर टाकलेला होता. बोनेट उघडून बघतो तर फिल्टर रिकामा. ठणठणीत. पंप ओढतोय पण मागून काही येतच नाही. अर्ध्या तासाने पंपाचा हात-लिव्हर चार वेळा मारला तर फिल्टर भरला.

आता इथे तात्या येतात. जुन्या वाचकांना तात्या माहीत आहेत, आमच्या वाडीतले, फौजेत एएससीला (रसद-वाहतूक दलात) ड्रायव्हर होते, उभी नोकरी शक्तिमानवर काढली. शक्तिमान म्हणजे मॅन कंपनीच्या परवान्याखाली जबलपूरला बनायची ती नाकवाली लॉरी, १९९६ पर्यंत बनत होती, आणि तात्यांच्या मते त्यानंतर देशात लॉरी बनलीच नाही. थंडीत सकाळी सम्पखाली (इंजिनच्या तळाच्या तेलाच्या भांड्याखाली) स्टोव्ह लावून तेल पातळ करायचं आणि मग सेल्फ मारायचा, तोवर चहा नाही, ही गोष्ट त्यांनी मला किमान वीस वेळा सांगितलीय. ह्या वेळी ती उपयोगी पडली. मी अंगणात बसून त्यांना घाटाचं सगळं रामायण सांगितलं, फिल्टर, अर्धा तास, थर्मास. त्यांनी विडी विझवली आणि विचारलं, "अर्धो तास थांबतंस कित्याक?"

म्हटलं, थंड व्हायला.

"थंड झाल्यार चालू जाता ह्या तुका कोणी सांगल्यान? चाय मागसून पी. बंद पडली काय दोन मिन्टांनी सेल्फ मारून बघ."

अक्षरशः दोन महिन्यांत ही एक गोष्ट मी केली नव्हती. दरवेळी बंद पडली की "तापली" म्हणून बोनेट उघडून चहा. पाचव्या फेरीला तात्या स्वतः शेजारी बसले, हातात घड्याळ. बंद पडली. दोन मिनिटं. लिव्हर, सेल्फ, चालू! इंजिन तसंच रटरटतंय, पंपाला हात लावला तर चटका, आणि तरी चालू. तात्या समोर बघत म्हणाले, "तापाक नाय ती. तिचो कोणीतरी गळो धरता."

मंडळी, हे वाक्य मी वर्कशॉपच्या दारावर लिहून ठेवणार आहे. गाडी थंड झाली म्हणून चालू होत नव्हती, ओढ सुटली म्हणून होत होती. सपाटीला चाळीसच्या स्पीडला इंजिन पेट्रोल मागतं किती, थोडंसं. घाटात पाय दाबला की पंप जोरात ओढतो, त्या ओढीने टाकीत काहीतरी येऊन सक्शन पाइपच्या तोंडावर चिकटतं, कार्बोरेटरच्या बाउलमध्ये असेल तेवढं पेट्रोल जळेपर्यंत गाडी चालते, मग खोकते, मरते. इंजिन बंद, ओढ बंद, जे काही चिकटलंय ते सुटून परत तळाला. आपण चहा पितोय.

खात्री करायला पुढच्या फेरीला टाकीच काढून टाकली खेळातून. पाच लिटरचा पेट्रोलचा डबा मागे पट्ट्याने घट्ट बांधला, त्यातून थेट पंपाला लाइन, अग्निशामक मांडीवर (हा प्रयोग कायमचा करू नका, मी एकाच फेरीपुरता केला आणि तेवढ्यात बायकोने दोनदा फोन केला). दाणोली ते आंबोली, एकदाही खोकली नाही. घाट चढून वर आलो तेव्हा इंजिनचा आवाज असा होता की धबधब्यापाशी भज्यांच्या गाडीवाल्याने वळून बघितलं. कांदाभजी दोन प्लेट, तात्यांना एक जादा.

मग टाकी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, म्हणजे तुम्ही पेट्रोलवर बसूनच गाडी चालवता. सीट काढली, फोनला लावायचा नऊशे रुपयांचा कॅमेरा टाकीच्या तोंडातून आत सोडला (ह्या वर्षातली सर्वात वसूल खरेदी), आणि स्क्रीनवर बघतो तर पाइपच्या बाजूला फणसाच्या पापडासारखा एक पिवळट तुकडा तरंगतोय. दोन बोटं रुंद, कडा गुंडाळलेल्या. पाइपमधून तोंडाने हलकं ओढलं तर आला आणि थप्पकन पाइपच्या तोंडावर बसला. सोडलं, गेला. ओढलं, आला. पाच मिनिटं मी नुसता तोच खेळ करत होतो, तोंडात पेट्रोलची चव घेऊन. आधी दोनदा लाइन उलटी फुंकल्यावर दोन दिवस गाडी सुतासारखी का चालायची तेही आता कळलं. फुंकरीने पापड पार टाकीच्या दुसऱ्या टोकाला जात असणार.

आता कबुलीजबाब. हा पापड माझ्याच हातचा. दोन वर्षांपूर्वी टाकीला आतून सीलर (गंज-गळती रोखणारा लेप) लावला तेव्हा मी इथे काय लिहिलं होतं? "झकास झालंय, आता वीस वर्षं बघायला नको." आषाढात लावला होता, आपल्याकडच्या हवेत. अॅसिडने धुतलेला पत्रा दुपारपर्यंत आतून परत तांबूस झाला असणार आणि मी त्याच्यावरच सीलर ओतला. खाली गंज, वर सीलर, त्यात पाणी धरणारं इथेनॉल. साल निघायचीच होती. माझ्या शब्दावर विसंबून कोणी तोच सीलर लावला असेल तर कॅमेरा घ्या आणि आधी आत बघा.

टाकी उतरवताना मात्र एक लॉटरी लागली. पट्ट्याचा एक बोल्ट घासून साफ केला तर डोक्यावर तिरका एफ! म्हणजे फोर्डचा. माझी फ्रेम नक्की विलीसची आहे, पुढचा क्रॉस मेंबर (फ्रेमचा आडवा दांडा) गोल पाइपचा, फोर्डचा असता तर उलट्या यूसारखा असता. दुसऱ्या महायुद्धात फोर्डनेही ह्याच नमुन्याच्या पावणेतीन लाखांवर जीप बनवल्या, विलीसने साडेतीन लाखांवर, आणि डेपोत ओव्हरहॉल करताना कोण बघत बसलंय कुठला बोल्ट कुणाचा. कुठल्या डेपोत, कुठल्या हाताने तो बसवला असेल याचा विचार करत रात्री बराच वेळ बसलो. तो बोल्ट परत तिथेच जाणार, नवा टाकणार नाही.

टाकी साफ करायची पद्धत: आधी साबणाचं पाणी भरून दोन दिवस वास मारला, मग थिनर, मग आत बारीक खडी आणि सायकलची जुनी चेन टाकून, गाद्यांत गुंडाळून, शेजारच्या कॉन्ट्रॅक्टरच्या काँक्रीट मिक्सरला बांधली. दीड तास. आवाज असा की समोरच्या काकी विचारायला आल्या. मिक्सरमधून जे बाहेर आलं ते वाटीभर पिवळे पापड आणि तांबडी धूळ.

काकी आल्याच होत्या म्हणून सांगतो. डॅशच्या पुढच्या बाजूला जो मूळ पेट्रोल फिल्टर असतो, पितळेच्या चकत्यांचा, तो मी काळाकुट्ट म्हणून टाकून द्यायच्या बेतात होतो. काकी म्हणाल्या, आगळात टाक. सोलांच्या आगळात, म्हणजे कोकमाच्या आंबट रसात! रात्रभर ठेवला, सकाळी ब्रशने हलकं घासलं तर देवघरातल्या समईसारखा. हजार रुपयांची केमिकलं कपाटात आहेत त्यांच्याकडे मी आता बघतही नाही. फक्त नंतर साध्या पाण्याने भरपूर धुवा, आंबटपणा राहता कामा नये.

आता पुढे काय. इलेक्ट्रिक पंप टाकायचा बेत होता, तो रद्द, कारण बिघाड पंपात नव्हताच. बारा व्होल्टचं कन्व्हर्जनपण रद्द, सहा व्होल्टवरच जाड केबल टाकून सेल्फ ठणठणीत फिरतोय. परत सीलर तर मेलो तरी नाही. मालवणला ट्रॉलरच्या डिझेल टाक्या करणारा फॅब्रिकेटर आहे, तो स्टेनलेसची हुबेहूब टाकी करून देतो म्हणाला, मापं देऊन आलो, जुनी फळीवर ठेवायची असं ठरलं.

पण हे लिहिता लिहिता दुसरंच डोक्यात आलं. पूर्वीच्या टाक्या टर्न प्लेटच्या असायच्या ना, शिसं-कथलाचा मुलामा दिलेला पत्रा, म्हणूनच टिकायच्या. मग आपण टाकीला आतून कल्हई का करू नये? बंद टाकीत कापूस फिरवता येणार नाही हे मला कळतंय, तळ कापून उघडावी लागेल, कल्हई करून परत डाग द्यायचा. रेडिएटरवाल्याला विचारलं तर तो म्हणाला आधी दोन दिवस पाण्यात उकळवून आण, तोपर्यंत मी हात लावणार नाही. बरोबर आहे त्याचं. कोणी केलंय का? स्टेनलेसवाल्याला शुक्रवारपर्यंत थांबवलंय, त्याच्या आत सांगा.

तोवर मूळ टाकी साफ आहे, पाइपच्या तोंडाला पितळी जाळीची टोपी बसवलीय, आणि रविवारी पहाटे परत घाट. तात्या येणारच, त्यांनी घड्याळाला चावी देऊन ठेवलीय. थर्मास मात्र घरी ठेवायचा अशी त्यांची अट आहे. आणि हो, सहा व्होल्टचा चालू हॉर्न कोणाकडे पडला असेल तर कळवा, माझा बेडकासारखा ओरडतोय.