सोमवारी बंद

अंदमानला जायचं ठरलं तेव्हा घरातून दोनच फर्माईशी आल्या. सासूबाईंना सेल्युलर जेलमधली सावरकरांची कोठडी बघायची होती आणि तिसरीतल्या लेकाला समुद्राच्या आतले मासे. कोठडीचं सोपं होतं. माशांसाठी आम्ही जॉली बॉय बेट पक्कं केलं. ते महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात येतं, आणि तिथे मनात आलं की उठून जाता येत नाही, हे नाशिकला बसल्या बसल्या हळूहळू कळत गेलं.

पहिला घोळ वारांचा. एजंटने पाठवलेल्या रंगीत कागदावर रविवारी पोर्ट ब्लेअर, सोमवारी जॉली बॉय, मंगळवारी फेरीने हॅवलॉक असा कार्यक्रम होता. विमानाची तिकिटं निघाली, फेरीचीही निघाली. मग एका रात्री सहज वाचत बसले होते, तर उद्यान सोमवारी बंद असतं! एजंटला फोन लावला, तर म्हणे, "मॅडम, त्याऐवजी नॉर्थ बे करू, तिथे पण कोरल दिसतं." दिसत असेल हो, पण वार बघायचे पैसे तुम्हाला दिलेत ना! शेवटी नील बेटावर फुली मारली, परतीची फेरी अलीकडे आणली आणि शुक्रवार मोकळा केला. तिकीट बदलायचा भुर्दंड बसला तो वेगळाच.

म्हणून सांगते, आधी उद्यानाचं वेळापत्रक बघा, मग विमानाचं. महिनाही बघा. जॉली बॉय साधारण नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत उघडं असतं. एरवी ते बंद ठेवून रेड स्किन बेट उघडतात, म्हणजे जॉली बॉयच्या प्रवाळाला जरा उसंत मिळते. 1983 साली जाहीर झालेल्या या उद्यानात 15 बेटं आहेत, पण आपल्यासाठी एवढी दोनच, तीही आळीपाळीने.

परवाना वनखात्याचा, बोटीचं तिकीट निराळं. परवाना नसेल तर बोट नाही. प्रत्येकाचं ओळखपत्र आणि त्याची झेरॉक्स जवळ ठेवा, मुलांचीसुद्धा. नाताळच्या सुट्टीत हे काम आदल्या दिवसावर ढकलू नका.

खरी परीक्षा प्लॅस्टिकची. बेटावर प्लॅस्टिक न्यायला बंदी आहे आणि धक्क्यावर पिशव्या तपासतात. गुरुवारी रात्री हॉटेलच्या पलंगावर सगळं सामान ओतलं, तेव्हा लक्षात आलं की आमचा सगळा संसार प्लॅस्टिकमध्ये बांधलेला आहे. भडंग, खाकरे, बिस्किटं, लेकाचे ओले रुमाल, ओले कपडे ठेवायच्या पिशव्या, सगळंच. मी कपाळाला हात लावला. आईंनी शांतपणे आपल्या बॅगेतून स्टीलचे तीन डबे काढले. विमानात वजन होईल म्हणून मीच नको म्हणत होते ते! "तुमच्या त्या डब्यांना वास मारतो गं," एवढंच म्हणाल्या आणि भडंग भरायला बसल्या. त्यांच्या बीपीच्या गोळ्या कागदात गुंडाळून सुपारीच्या डबीत गेल्या. बिस्किटं कापडी पिशवीत टाकली, सकाळपर्यंत त्यांचा निम्मा चुरा झाला, तरी लेकाने खाल्ली. ओल्या कपड्यांना जुना टॉवेल. पिण्याच्या पाण्यासाठी वंडूरला, म्हणजे बोट सुटते त्या धक्क्यावर, अनामत भरून पाण्याचे जग घेतले. परत येताना मोजून द्यायचे.

पोर्ट ब्लेअरहून वंडूरला गाडीने तास लागतो. तिथे उजाडतं लवकर, त्यामुळे साडेसहाला निघणं जड गेलं नाही. बेटावर खायला-प्यायला काही मिळत नाही, तेव्हा पोटाचं आणि बाकीचंही सगळं धक्क्यावरच उरकून घ्या. बोट खारफुटीच्या बेटांमधून जाते, पाणी संथ असतं. उलटीची गोळी उगीचच घेतली आणि नवरा जाताना झोपून गेला.

मला धास्ती होती ती आईंच्या गुडघ्यांची. बेटाला धक्का नाही. मोठी बोट अलीकडेच थांबते, मग काचेच्या तळाच्या छोट्या बोटीत उतरायचं. दोन्ही बोटी आपापल्या लयीत खालीवर होत होत्या. आईंनी साडीचा ओचा वर खोचला, नावाड्याचा हात झिडकारला, आणि पुढच्याच लाटेला तोच हात घट्ट धरला.

काचेखाली आधी नुसती वाळू, मग राखाडी, मेलेलं प्रवाळ. 2010 साली समुद्र तापला तेव्हा अंदमानातलं बरंच प्रवाळ पांढरं पडलं होतं, त्याची आठवण झाली. माझं मन खट्टू झालं होतं, तोवर मेंदूसारख्या वळ्यांचा एक भलामोठा गोळा काचेखालून सरकला आणि त्यामागून निळे-पिवळे मासे. लेक पालथाच पडला काचेवर.

"हे पोवळं?" आईंनी आपल्या अंगठीकडे बघितलं. मंगळासाठी गुरुजींनी सांगितलेली, वीस वर्षं बोटात आहे. मी म्हटलं, तुमचं लाल पोवळं भूमध्य समुद्राकडचं, ही वेगळी जात. "वेगळी असू दे. पण जिवंत असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

किनाऱ्यावर लेकाने प्रवाळाचा पांढरा तुकडा खिशात घातला. तो मेलेला असला तरी उचलणं गुन्हाच, विमानतळावरही पिशव्या बघतात. मी रागवायच्या आत आजीने तो खिशातून काढून पाण्यात ठेवला. ठेवला म्हणतेय, टाकला नाही.

दुपारी वंडूरला जग मोजून दिले, अनामत परत मिळाली. गेटबाहेर चार शहाळी घेतली. आईंनी स्ट्रॉ नको म्हणून खूण केली आणि शहाळंच तोंडाला लावलं. अर्धं पाणी पदरावर सांडलं.