नव्या कोऱ्या पुंगळ्या

नेमबाजांना रायफलची काडतुसं भरून देणं हे माझं रोजचं काम: रिकाम्या पितळी नळीच्या, म्हणजे पुंगळीच्या, बुडात प्रायमर (ठोक्यानं पेटणारी टिकली), आत दारू, तोंडात गोळी. एक साहेब .308 विंचेस्टर या मापाच्या शंभर पुंगळ्यांची सीलबंद पिशवी घेऊन आले. "नवं कोरं पितळ आहे. प्रायमर बसवा, दारू भरा, झालं."

झालं कसलं! पिशवी ओतली तर बऱ्याच पुंगळ्यांची तोंडं एकमेकींवर आपटून चेपलेली. हे नेहमीचंच, मानेत मँड्रेल, म्हणजे मापाचा गोल दांडा, घातला की तोंड गोल होतं. लांबीची कमाल मर्यादा 51.18 मिलिमीटर, सगळ्या तिच्या आत होत्या, म्हणून कापायच्या फंदात पडलो नाही. तोंडाची धार तासून तिरपी मात्र केलीच (याला चॅम्फर म्हणतात), नाहीतर गोळी बसवताना धारेनं तिचं तांबं सोलून निघतं. मानेवरची निळसर झाक पाहून साहेब म्हणाले, "जळलंय का हे?" ॲनीलिंगची खूण ती. मान तापवून मऊ करतात, बूड कडकच ठेवतात. काही जण ती घासून चकचकीत करायला सांगतात. मी करत नाही.

खरी मेहनत फ्लॅश होलची. प्रायमरची ज्वाळा दारूपर्यंत जाते ती बुडातल्या या जेमतेम 2 मिलिमीटरच्या भोकातून. पंचनं पाडलेल्या भोकाला आतून बर, म्हणजे धातूची खरबरीत कड, राहते, कुठे कमी, कुठे जास्त, आणि मग प्रत्येक बार सारखा पेटत नाही. हातानं रीमर, म्हणजे भोक साफ करायचं कातरी हत्यार, फिरवायचा, की पितळेचा बारीक कीस बाहेर येतो. कंटाळवाणं काम, पण पुंगळीच्या आयुष्यात एकदाच.

एका पुंगळीत रीमर पुढे जाईना. दिव्यासमोर धरून तोंडातून पाहिलं, तर आत मिट्ट काळोख. प्रायमरचा खळगा ठीक, बुडावरचा शिक्का ठीक, भोकच नाही! भरली असती तर प्रायमर उडाला असता आणि दारूला पत्ताही लागला नसता.

"ड्रिलनं पाडा की," साहेब म्हणाले. भोक बरोबर मधोमध आणि मापात पडेल याची हमी कोण देणार? बाजूला टाकली. तेवढ्यात त्यांचा चेहरा उतरला. याच लॉटची, म्हणजे एकाच खेपेत बनलेली, दुसरी पिशवी त्यांनी घरी स्वतःच भरून ठेवली होती. भरलेल्या काडतुसाचं भोक बाहेरून दिसत नाही. वजनावरूनही कळत नाही, कारण भोकाएवढं पितळ भरतं जेमतेम ग्रेनभर (एक ग्रेन म्हणजे सुमारे 65 मिलिग्रॅम) आणि पुंगळ्यांच्या वजनातच त्याहून जास्त फरक असतो.

संध्याकाळी त्या भरलेल्या काडतुसांचा डबा आला. पुलर, म्हणजे गोळी ओढून काढायचं हत्यार, लावून एकेक गोळी उपसली, दारू वेगळी काढली, प्रत्येक पुंगळीत टॉर्च मारून पाहिलं. सगळ्यांना भोकं होती.

"उगाच उपसायला लावलीत," साहेब म्हणाले.