सोसायटीच्या परवानगीपायी गेलेला ऑर्किडचा एक हिवाळा

२४ सप्टेंबरला मी सोसायटीच्या ऑफिसात अर्ज दिला आणि परवानगीचं पत्र हातात पडलं १३ फेब्रुवारीला. मागणी एवढीच होती की खिडकीच्या ग्रिलमध्ये पाच ऑर्किड ठेवू द्यावीत. मधल्या काळात मुंबईची थंडी येऊन गेलीसुद्धा, आणि माझी झाडं वर्षभर वाट बघतात ती त्याच दिवसांची.

माझी ऑर्किड म्हणजे फॅलेनोप्सिस. नर्सरीत पारदर्शक कुंडीत, फुलपाखरं बसल्यासारखी पांढरी-जांभळी फुलं असलेलं झाड दिसतं ना, तेच. फुलं दोन-अडीच महिने टिकतात. ती गळली की बरेच जण झाड संपलं म्हणून टाकून देतात. कृपा करून टाकू नका, ते पुन्हा फुलतं. त्याला फक्त गारवा हवा. तापमान सतत २८ अंशांच्या वर राहिलं तर पानं येत राहतात, फुलाचा दांडा येत नाही. काही आठवडे पारा पंचविशीच्या खाली राहिला की दांडा धरतो. आमच्या मुलुंडच्या घरात तसा गारवा मिळतो तो डिसेंबर-जानेवारीत, तोही खिडकीला लागून.

नोटीस लागली गणपतीनंतर. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या भिंतीला ओल आली होती. त्यांची तक्रार खरी होती, मी स्वतः जाऊन पाहिलं, प्लॅस्टरचे पापुद्रे सुटले होते. पण नोटीस निघाली ती सरसकट: ‘ग्रिलमधील सर्व कुंड्या सात दिवसांत काढाव्यात.’ मी पाचही झाडं घरात आणली आणि लगेच अर्ज दिला.

ऑफिस उघडतं मंगळवारी आणि शनिवारी, संध्याकाळी सात ते नऊ. पहिला अर्ज मी मॅनेजरच्या हातात दिला आणि घरी आले. तीन आठवड्यांनी चौकशी केली तर म्हणाले, असा अर्ज आलेलाच नाही. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नका. दुसरा अर्ज परत आला, कारण फ्लॅट सासूबाईंच्या नावावर आणि सही माझी. तिसरा सासूबाईंच्या सहीने गेला, तोवर दिवाळी आली. दिवाळीनंतरच्या कमिटी मीटिंगला पुरेसे सभासद जमले नाहीत. डिसेंबरच्या मीटिंगमध्ये रंगकामाचाच विषय चालला. दर शनिवारी मी जिना उतरून जायची आणि ‘पुढच्या मीटिंगला घेतो’ ऐकून वर यायची. बाहेर पहाटे शाल घ्यावी लागत होती आणि हॉलमध्ये झाडं बंद खिडक्यांआड उबेत बसली होती. त्या दिवसांत माझा फार जीव तुटला.

सेक्रेटरींचं म्हणणं ठरलेलं: “ताई, झाड ते झाड. मातीचं ओझं आणि पाणी, दोन्ही ग्रिलला नको.” शेवटी जानेवारीत एका शनिवारी मी एक कुंडीच पिशवीत घालून नेली. टेबलावर ठेवली आणि म्हटलं, “साहेब, यात माती नाहीच, बघा.” आत होते सालीचे तुकडे, थोडा कोळसा आणि रुपेरी करड्या मुळ्या. हे झाड मूळचं आग्नेय आशियातल्या जंगलांतलं, दुसऱ्या झाडांच्या खोडाला धरून वाढणारं. आपल्या कोकणात आंब्या-फणसावर सीतेची वेणी, म्हणजे रानातलं ऑर्किड, लोंबते, तसंच. मी ग्लासातलं थोडं पाणी मुळ्यांवर ओतलं. बघता बघता करड्या मुळ्या हिरव्या झाल्या. सेक्रेटरी खुर्चीतून पुढे वाकले. घरच्या वजनकाट्यावर पाचही कुंड्या मिळून दोन किलो तीनशे ग्रॅम भरल्या होत्या, तो आकडा मी अर्जात लिहून दिला. पाणी बेसिनमध्ये घालीन, निथळल्यावरच कुंडी ग्रिलमध्ये ठेवीन, हेही लिहिलं. पुढच्या मीटिंगमध्ये मंजुरी मिळाली. हे पहिल्याच अर्जात लिहायला हवं होतं, तुम्ही तरी लिहा.

पत्र आलं तेव्हा थंडी ओसरली होती. हॉलमधल्या चार झाडांना त्या वर्षी एकही दांडा आला नाही. पाचवं मात्र जागा नव्हती म्हणून मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी, ओट्याच्या कडेला ठेवलं होतं. ती खिडकी रात्रभर उघडी असते. जानेवारीच्या शेवटी त्याच्या पानाच्या बेचक्यातून हिरवं टोक डोकावलं. नवी मुळी गोल, गुळगुळीत असते. हे टोक चपटं होतं आणि त्याला अंगठा मिटलेल्या हातमोज्यासारखी खाच होती. तो दांडाच होता. परवानगी अडकली तर झाड घरातच, पण रात्री उघड्या राहणाऱ्या खिडकीशी ठेवा. हे मला आधी कळलं असतं तर बाकीची चारही वाचली असती.

पुढच्या वर्षी दिवाळी झाल्या झाल्या पाचही ग्रिलमध्ये गेली. दांडा दिसल्यापासून पहिलं फूल उमलायला दोन-तीन महिने लागतात, तेव्हा घाई करून खताचा मारा करू नका. १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्याच प्रमाणात असलेलं) पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाव प्रमाणात, पंधरा दिवसांतून एकदा पुरतं. आपलं नळाचं पाणी तलावांचं, या झाडांना चांगलं मानवतं; मी रात्रभर बादलीत ठेवून मग घालते.

अर्ज करायचाच तर पावसाळ्यात, जून-जुलैतच करा, म्हणजे चार महिने गेले तरी थंडीआधी पत्र हातात येईल. आमची परवानगी एका वर्षाची आहे. यंदाचा अर्ज मी ७ जूनला दिला, पोच फाइलमध्ये लावली आहे.

आणि पावसाचं सांगायचं राहिलं. झड आत येत असेल तर कुंडी थोडी तिरकी ठेवा. पानांच्या मधोमध, शेंड्यात पाणी साचून राहिलं तर तो कुजतो आणि मग झाड वाचत नाही. चुकून साचलंच तर कापसाच्या बोळ्याने टिपून घ्या.